चेनचं तेल चेनवरच राहावं म्हणून

माझं काम एमआरचं, म्हणजे औषध कंपनीचा माणूस म्हणून डॉक्टरांना भेटायचं, राहायला साताऱ्यात शाहूपुरीला. आठवड्यात एक दिवस कराड-उंब्रज, एक दिवस कोरेगाव-रहिमतपूर, एक दिवस वाई, एक दिवस मेढा आणि उरलेले दिवस लोकल. म्हणजे आठवड्याला साडेचारशे-पाचशे किलोमीटर गाडी पळते, आणि ती मी फिक्या रंगाची फॉर्मल पँट घालून चालवतो. हे आधीच सांगतोय कारण चेनला तेल लावणं हा बऱ्याच जणांना रविवारी पाच मिनिटं काढून उरकायचा विषय वाटतो, माझ्या डोक्याला मात्र त्याने तीन वर्षं ताप दिला. गाडी 160 सीसीची, चेन उघडी, वरून फक्त एक प्लॅस्टिकची पट्टी. वडिलांच्या जुन्या गाडीला पूर्ण पत्र्याचं चेनकव्हर होतं त्यामुळे त्यांना हा त्रास कधी झालाच नाही, मी सांगायला लागलो की ते म्हणायचे चेनचं तेल पँटला लागतं कसं मुळात.

सुरुवातीला जे सगळे करतात तेच मी करायचो. गॅरेजमध्ये इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल एका कापलेल्या डब्यात ठेवलेलं असतं, पोरगा त्यात ब्रश बुडवतो आणि चेनवरून फिरवतो, चेन मस्त काळी चकचकीत दिसते. मी पण तेच ऑइल बाटलीत भरून घरी आणायचो, फुकट मिळतंय म्हणून. ते तेल आधीच तीन हजार किलोमीटर इंजिनमध्ये शिजलेलं असतं, पातळ झालेलं असतं, त्यात कार्बन असतो, झिजलेल्या लोखंडाची बारीक पूड असते, आणि तेच आपण जिथे झीज व्हायला नको तिथे लावतो. पण तेव्हा हे कोण विचार करतंय.

भाचीच्या बारशाला वाईला निघालो होतो. आदल्या संध्याकाळी मी मोठ्या हौसेने चेनला ऑइल दिलं होतं, लांब जायचंय म्हणून जरा जास्तच. बायको मागे एका बाजूला पाय टाकून बसलेली, आणि आपल्याकडे पाय टाकतात ती डावी बाजू, चेन पण डावीकडेच. साडी चंदनी रंगाची होती, तिच्या आईची. वाईला उतरल्यावर तिने निऱ्या झटकल्या आणि खालच्या काठावर बोटभर अंतराने काळे ठिपके, मोहरीएवढे, वीतभर लांब रांगच. ती मला काही बोलली नाही, नळावर जाऊन पावडर टाकून चोळत बसली आणि बारशाचा पहिला अर्धा तास तिचा तिथेच गेला. घरी आल्यावर भांड्याच्या साबणाने तीन-चार वेळा धुतली, ठिपके फिके झाले पण गेले नाहीत. ती साडी ती अजून नेसते, काठाचा तो भाग आत घेऊन. मला आजही ते बघून वाईट वाटतं.

त्यानंतर काळं ऑइल बंद केलं ते कायमचंच. मग एकाने सांगितलं ग्रीस लाव, ग्रीस उडत नाही. लावलं, आणि खरंच उडलं नाही! महिनाभर मी खूष होतो. पण तो जानेवारी होता, उसाचा सीझन जोरात, वावरातून बाहेर पडणाऱ्या ट्रॉल्या चाकाला माती घेऊन रस्त्यावर येतात, ती वाळते, तिचा धुरळा होतो, आणि महामार्गावर सहापदरीकरणाच्या कामाची धूळ वेगळीच. ते सगळं त्या ग्रीसवर जाऊन बसलं. एक दिवस चेनवरचा लगदा दोन बोटांत घेऊन चोळला तर पॉलिश पेपरसारखा खरखरला. ग्रीस घट्ट, ते रोलरच्या आत जातच नाही, वर वर बसून माती धरून ठेवतं आणि ती माती सॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावरून फिरते त्या दातेरी चक्राच्या, दातांवर दिवसभर घासते. चौदा हजार किलोमीटरला चेन-सॉकेटचं किट गेलं. मागच्या सॉकेटवर चेन हाताने मागे ओढली की दाताचा अर्धा भाग उघडा पडायचा, दात पण एका बाजूला वाकल्यासारखे झालेले. गॅरेजवाला म्हणाला चालवा अजून हजारभर, पण मी बदललं, कारण ताणलेली चेन उतरून मागच्या चाकात अडकली तर काय होतं ते मी एकदा कोरेगाव रस्त्याला डोळ्यांनी पाहिलंय.

नवीन किट टाकलं तेव्हा ठरवलं की आता चांगलंच वापरायचं. पोवई नाक्याजवळ स्पेअर पार्टच्या दुकानातून चेन स्प्रेचा 150 मिलीचा डबा आणला. सकाळी आठला कराडला निघायचं होतं, पावणेआठला खाली येऊन बाहेरच्या बाजूने चेनवर फर्र फर्र मारला, चेन ओली दिसेपर्यंत, आणि लगेच किक. उंब्रजला चहाला थांबलो तेव्हा बघितलं, रिमवर रेघा, नंबरप्लेटवर शिंतोडे, टायरच्या बाजूला पण ओलं. ते टायरवरचं बघून खरं तर मी घाबरलो, कारण पुढे वळण घेताना मागचं चाक सरकलं असतं म्हणजे? तिथल्या तिथे पाण्याच्या बाटलीने आणि फडक्याने टायर पुसला. कराडला डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये बसल्यावर कळलं की पँटच्या डाव्या पोटरीवर पण नक्षी झालीये, मग बॅग त्या पायाला लावून उभा राहिलो, डॉक्टरांशी बोलणं संपेपर्यंत. त्यात त्या स्प्रेची काही चूक नव्हती हे नंतर समजलं.

समजावलं आमच्या गल्लीतल्या नानांनी. नाना साखर कारखान्यात मिल हाऊसला फिटर होते, तीस-बत्तीस वर्षं उसाच्या कॅरिअरच्या चेनी, बेअरिंग, गिअरबॉक्स हेच केलं. मी गेटवर बसून रिम पुसत होतो तर ते येऊन शेजारी उभे राहिले.

"काय करतुयास?"

"नाना, चेनला तेल लावलं की सगळं उडतंय बघा. कुठलं तेल घ्यावं तेच कळेना."

ते खाली बसले, चेनवर बोट फिरवलं, मला दाखवलं. बोट पूर्ण काळं. "हे भाईरचं झालं. आता ह्यो रोलर फिरव." मी नखाने एक रोलर फिरवायला गेलो तर तो कोरडा, आवाज करत फिरला. "बघ. पट्टीला त्याल पाजलंयस आन् रोलर उपाशी. पट्टी कशाला घासतीय? घासतंय ते रोलर आन् दात. जे भाईर दिसतंय ते उडणारच की लेका, चाक फिरलं की ते कुठं जाईल."

एवढंच बोलले ते, पण तीन वर्षांत मला कुणीच हे सांगितलं नव्हतं. चेन म्हणजे आपल्याला वाटते तशी एक सलग वस्तू नाही, त्यात बाहेरच्या पट्ट्या, आतल्या पट्ट्या, मधे पिन, पिनवर बुश आणि बुशवर फिरणारा रोलर. तेल हवं रोलरच्या दोन्ही कडांच्या फटीत. पट्टीच्या बाहेरच्या बाजूला गंजू नये म्हणून नुसता हात फिरवल्याएवढा ओलावा पुरतो, त्याच्यावर जे काही आहे ते पँटवर जाणार.

नानांनी अजून एक विचारलं, चेन रबरवाली आहे का साधी. मला माहीत नव्हतं. टॉर्च मारून आतल्या आणि बाहेरच्या पट्टीच्या मधे बघायचं, तिथे बारीक काळी रबरची कडी दिसली तर ती ओ-रिंगची चेन. माझी नवीन तशीच निघाली. ह्यात पिन आणि बुशच्या मधे कंपनीतूनच ग्रीस भरलेलं असतं आणि त्या कड्या ते ग्रीस बाहेर येऊ देत नाहीत. म्हणजे आपण बाहेरून कितीही तेल ओतलं तरी ते पिनपर्यंत जाणार नाही आणि जायची गरजही नाही, आपण द्यायचं ते रोलरला आणि त्या रबराला, रबर सुकून तडकू नये म्हणून. साध्या चेनला मात्र पिनपर्यंत तेल बाहेरूनच जातं, तिला जास्त वेळा द्यावं लागतं. म्हणून रबरवाल्या चेनला पेट्रोलने धुवायचं नाही, थिनर नाही, तारेचा ब्रश तर अजिबात नाही, कड्या खराब झाल्या की आतलं ग्रीस गेलं आणि मग चेन वाचत नाही. वॉशिंग सेंटरला प्रेशरचं पाणी अगदी जवळून चेनवर मारतात ते पण मी आता थांबवतो, तिथे उभा राहून सांगतो की तेवढी जागा सोडा.

तेल कुठलं, तर गाडीचं मॅन्युअल इतक्या वर्षांनी पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात सरळ लिहिलं होतं 90 नंबर गिअर ऑइल, दर 500 किलोमीटरला. म्हणजे मी दुकानं पालथी घालत होतो आणि उत्तर सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत. एक लिटर आणलं. पण ब्रशने लावलं तर परत तोच चिकचिकाट होणार, मग माझ्या बॅगेतलीच वस्तू कामाला आली, दहा मिलीची सिरिंज. आधी अठरा नंबरची सुई लावून बघितली, जाड असते ती, पण डिसेंबरच्या थंडीत 90 नंबर इतकं घट्ट होतं की ढकलून ढकलून अंगठा दुखला आणि मधेच सुई फटकन निसटून तेल भिंतीवर. सुई काढूनच टाकली, नुसत्या तोंडातून थेंब छान पडतो, आणि सिरिंज पाच मिनिटं गरम पाण्याच्या भांड्यात उभी ठेवली की तेल कसं सुरळीत येतं.

आता मी कसं करतो ते सांगतो, ह्याला साधारण वीस-पंचवीस मिनिटं जातात. वेळ शनिवारी संध्याकाळची, कामावरून आल्या आल्या. सकाळी निघायच्या आधी कधीच नाही. गाडी चालून आलेली असते, चेन कोमट असते, कोमट लोखंडावर तेल आत लवकर झिरपतं, आणि मग पूर्ण रात्र मिळते मुरायला. डबल स्टँडवर लावायची, न्यूट्रल, चावी काढून खिशात. चावी खिशात हे मी कटाक्षाने पाळतो. बरेच जण गाडी चालू करून पहिल्या गिअरमध्ये टाकतात म्हणजे चेन आपोआप फिरते आणि फडकं धरून ठेवलं की झालं, पण ते फडकं सॉकेटमध्ये ओढलं गेलं की बोट पण जातं, सोडवायला वेळच मिळत नाही. माझ्या ओळखीतल्या एका गॅरेजवाल्या पोराचं बोटाचं पेर असंच गेलंय. चाक हाताने फिरवायचं, तेवढा दम असतो सगळ्यांना.

खाली एक पुठ्ठा, औषधांच्या खोक्याचा, आमच्याकडे त्याला तोटा नाही. दुसरा एक पुठ्ठा चेन आणि टायरच्या मधे उभा. आधी जुनं पुसायचं. पूर्वी रॉकेल असायचं घरात, आता सहज मिळत नाही, म्हणून मी डिझेल वापरतो, बाटलीच्या झाकणात घेऊन जुन्या टूथब्रशने, फडक्याला लावून. ओतायचं नाही. चारही बाजूंनी चेन फडक्यात धरून चाक मागे फिरवायचं, तीन-चार फेऱ्या, मग कोरड्या फडक्याने परत, डिझेलचा ओलेपणा राहिला तर वरून दिलेलं तेल पातळ होऊन पहिल्याच दिवशी उडतं. हे दर आठवड्याला एवढं लागत नाही, महिन्यातून एकदा नीट, बाकी शनिवारी नुसतं कोरडं फडकं.

मग तेल. खालची चेन असते ना, सॉकेट ते सॉकेट खालून जाणारी, तिची आतली बाजू म्हणजे जी वर आकाशाकडे बघते ती, तिथे द्यायचं. कारण चेन फिरायला लागली की सॉकेटवरच्या वळणावर तेल बाहेरच्या दिशेने फेकलं जातं, आतून दिलेलं तेल बाहेर जाता जाता रोलरमधून जातं, बाहेरून दिलेलं सरळ हवेत जातं. मी वर्षानुवर्षं बाहेरून देत होतो! एक कडी व्हाइटनरने पांढरी करून ठेवलीये, तिथून सुरुवात, प्रत्येक रोलरच्या डाव्या फटीत एक थेंब आणि उजव्या फटीत एक थेंब, पांढरी कडी परत आली की थांबायचं. पहिल्यांदा मोजल्या तर माझ्या चेनला 132 कड्या निघाल्या, म्हणजे 264 थेंब, आणि सिरिंजवरचं माप बघितलं तर सगळे मिळून नऊ मिलीच्या आत. आधी मी एका वेळेला अर्धी वाटी तेल घालायचो त्या चेनीला! आठवड्याला नऊ मिली धरलं तरी लिटरभर तेल दोन वर्षं जातंय.

थेंब टाकून झाले की चाक वीस-पंचवीस वेळा फिरवायचं हळूहळू, चेन वाकते उलगडते तसं तेल आत जातं, आवाजात पण फरक पडतो, सुरुवातीला कुरकुर असते ती जाते. आणि रात्रभर तशीच सोडायची. सगळ्यात महत्त्वाचं काम रविवारी सकाळी, ते म्हणजे पुसणं. स्वच्छ फडक्याने बाहेरच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी अगदी कोरड्या वाटेपर्यंत पुसायच्या. पहिल्यांदा मला जीवावर आलं, लावलेलं तेल परत पुसायचं म्हणजे काय, पण रोलरमधलं फडक्याला येत नाही, येतं ते फक्त वरचं. पुसल्यावर चेन तेल लावल्यासारखी दिसतच नाही, दिसली नाही पाहिजे. नानांना दाखवली तर त्यांनी बोट फिरवलं, बोटावर नुसती चहासारखी फिकट ओल. "आता बरूबर," म्हणाले आणि गेले.

ह्याच बैठकीत मी ढील, म्हणजे चेन किती सैल आहे ते पण बघतो. खालच्या चेनच्या मध्यावर मोजपट्टी धरून चेन वरखाली करायची, माझ्या मॅन्युअलमध्ये 25 ते 30 मिमी दिलंय, तुमच्या गाडीचं वेगळं असू शकतं. एकाच जागी बघून भागत नाही, चाक थोडं थोडं फिरवून तीन-चार जागी, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, जिथे सगळ्यात घट्ट असेल तिथलं माप धरायचं. फार आवळली तर बेअरिंग आणि सॉकेटवर ताण येतो, फार सैल असेल तर फटके मारते आणि तेल पण जास्त उडवते, हे माझ्या लक्षात आलंय.

पावसाळ्यात मात्र मी 90 नंबर बाजूला ठेवतो. जुलैमध्ये मेढ्याच्या बाजूला किंवा यवतेश्वर चढून कासकडे गेलात की पाऊस नुसता वरून नाही, खालून पण येतो, चेनवरचं गिअर ऑइल एका दिवसात धुऊन जातं आणि दुसऱ्या सकाळी पट्ट्यांवर तांबूस गंज. तिथे तोच स्प्रे कामाला येतो ज्याला मी नावं ठेवली होती, तो आधी पातळ असतो म्हणून आत शिरतो, मग त्यातलं उडून जाणारं द्रव्य उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो तो पाण्याला दाद देत नाही. पण मारायची पद्धत तीच, संध्याकाळी, नळी लावून, मागच्या सॉकेटच्या थोडं पुढे खालच्या चेनच्या आतल्या बाजूवर, बोटभर अंतरावरून, मागे पुठ्ठा, चाकाच्या दोन फेऱ्या एका कडेला दोन दुसऱ्या कडेला, बस. मागे डिस्कब्रेक असेल तर डिस्कवर कापड टाकाच, त्यावर तेलाचा फवारा गेला तर ब्रेक लागणार नाही. आणि भिजून आलं की फडक्याने चेन कोरडी करून मगच मारायचा, ओल्यावर मारला तर पाणी आत कोंडतं. ऑक्टोबरनंतर ऊसतोड सुरू झाली की तो चिकट थर माती धरतो, म्हणून तेव्हा परत सिरिंज. मेणाचा सुका स्प्रे पण एक सीझन वापरला, धूळ खरंच कमी धरतो, कपडे एकदम स्वच्छ, पण माझ्या रनिंगला तीनशे किलोमीटरमध्येच चेन बोलायला लागायची. ज्यांची गाडी आठवड्याला पन्नास-साठ किलोमीटर फिरते त्यांनी तो घ्यावा असं माझं मत आहे.

हे सगळं बसल्यावर रिम स्वच्छ, पँट स्वच्छ, बायको परत मागे बसते. एकच गोष्ट राहिली होती, पार्किंगमधला डाग. खाली शहाबादी फरशी आहे, घरमालक काकू रोज सकाळी रांगोळी काढतात त्याच्या शेजारीच गाडी असते, आणि मी एवढं थेंबाथेंबाने देऊन पुसून पण दोन-तीन दिवसांनी तिथे रुपयाएवढा काळा डाग पडायचाच. काकू बोलायच्या नाहीत, सोडा टाकून घासायच्या, ते मला जास्त लागायचं. आधी वाटलं इंजिन गळतंय. पुठ्ठा ठेवून बघितलं तर थेंब पुढच्या सॉकेटच्या कव्हरखाली पडत होता. दोन आठ नंबरचे बोल्ट खोलले, कव्हर काढलं, आणि आत मूठभर डांबरासारखा गोळा. सगळ्या वर्षांचं काळं ऑइल, ग्रीस, स्प्रे, उसाच्या रस्त्याची माती, सगळं उडून तिथे साठलं होतं, इंजिन तापलं की ते वितळून थेंब थेंब खाली. नवीन किट टाकताना सुद्धा कुणी ते काढलं नव्हतं. जुन्या स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढलं, मागच्या भागाला तेलसील आणि न्यूट्रलची वायर असते तिकडे जपून, डिझेलच्या फडक्याने पुसलं, कव्हर आतून बाहेरून धुऊन वाळवून बसवलं. अर्धं वर्तमानपत्र भरेल एवढा गाळ निघाला.

पुठ्ठा तसाच खाली ठेवला. सोमवारी कराड, मंगळवारी कोरेगाव, बुधवारी वाई, गुरुवारी सकाळी वाकून बघितला तर त्यावर फक्त धूळ. मग पुठ्ठा काढून घेतला आणि त्या डागावर लिंबू-सोडा टाकून मीच फरशी घासली, काकू रांगोळीचा डबा घेऊन यायच्या आत.